पत्रोबाचा डोळा

चष्म्याच्या दुकानात सकाळी सकाळी फोन वाजला, की करणारा एक तर चष्मा हरवून बसलेला असतो, नाही तर चष्म्यावरच बसलेला असतो. इतक्या वर्षांच्या अनुभवाने चष्मेवालीने हे नक्की करून टाकलं होतं. त्यामुळे हातातलं फडकं खाली न ठेवताच तिने फोन घेतला आणि विचारलं, "काडी तुटली की काच?"

"दोन्ही नाही, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी फिल्मांच्या संग्रहालयातून बोलतोय. तुमच्या वडिलांची फिल्म यंत्राने साफ करायचं काम माझ्याकडे आहे. एवढंच विचारायचं होतं, पत्रोबाचा डोळा खरंच काढायचा का?"

चष्मेवाली खुर्चीत बसली. "कुणी सांगितलं काढायला?"

"तुमच्या आईंनी. हक्क त्यांच्या नावावर आहेत, म्हणून काल त्यांना फोन केला. माझा प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत म्हणाल्या, काढून टाका. आणि फोन ठेवला. म्हटलं घरात आणखी कुणाच्या तरी कानावर घालावं. नंतर माझ्या नावाने शंख नको."

आता हा पत्रोबा कोण आणि त्याचा डोळा असा काय मोठा लागून गेला, हे सांगायला हवं. चष्मेवालीचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. आयुष्यात त्यांनी एकच फिल्म केली. नऊ मिनिटांची, 'पत्रोबा सर्वज्ञ' नावाची. टेबलावर मातीच्या बाहुल्या मांडायच्या, एक फोटो काढायचा, बाहुलीचा हात केसभर हलवायचा, पुन्हा एक फोटो. असे हजारो फोटो एकामागून एक पळवले की बाहुल्या चालायला लागतात. वडील बाहुल्या हलवायचे आणि आई कॅमेऱ्याशेजारी उभी राहून बटण दाबायची. दिवसभर राबल्यावर पडद्यावरचे दोन सेकंद पदरात पडायचे. असलं काम करायला माणूस एक तर खुळा लागतो, नाही तर नव्याने लग्न झालेला.

गोष्ट तशी साधी. एका गावात लोक चौकात एक यंत्र आणून बसवतात. चहाच्या मोठ्या किटलीचं पोट, पत्र्याचे हातपाय, डोक्यावर नरसाळं. काहीही विचारा, पत्रोबा उत्तर देणार. गाव खूष. हळूहळू लोक एकमेकांना काही विचारेनासे होतात. बायको रुसली तर नवरा तिला विचारत नाही, चौकात जाऊन पत्रोबाला विचारतो, 'हिला काय झालंय?' मग कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकते. ह्याला एवढं कळतं कसं? आणि जे सांगतो ते आपल्या भल्याचंच, कशावरून? संशय गावभर होतो. शेवटी सगळे पाने-पकडी घेऊन येतात, पत्रोबाचा एकेक स्क्रू काढतात, आत डोकावतात, तर आत काहीच नाही. फिल्म संपते.

ती निघाली तेव्हा विचार करणारी यंत्रं फक्त गोष्टींत होती. आता ती ज्याच्या त्याच्या खिशात आली, तेव्हा लोकांना पन्नास वर्षांपूर्वीचा पत्रोबा आठवला. आणि त्याहून जास्त आठवला त्याचा डोळा.

तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला पत्रोबाच्या चकचकीत पोटावर एक उभी, बारीक, रंगीत फट दिसायला लागते. ती थरथरते, रंग बदलते. गोष्ट पुढे सरकते तशी रुंदावत जाते, मधोमध काळं बुबुळ येतं, आणि मांजराच्या डोळ्यासारखा एक डोळा पोटातून बघायला लागतो. थेटरात पोरंटोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. आणि गंमत म्हणजे, गावकरी पाने घेऊन यायच्या जरा आधी हा डोळा एकाएकी नाहीसा होतो. एका समीक्षकाने लिहिलं, ही यंत्राची वाढती हाव. दुसऱ्याने लिहिलं, ही सत्तेची पाळत. तिसऱ्याने, डोळा शेवटी का मिटतो, एवढ्या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहून सुतावरून स्वर्ग गाठला. वडिलांना कुणी विचारलं तर ते ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. "पत्रोबालाच विचारा," एवढंच म्हणायचे. लोक त्यावरही टाळ्या वाजवायचे.

असा तो डोळा. आणि आई म्हणत होती, काढून टाका.

चष्मेवाली जिना चढून वर गेली. दुकानाच्या डोक्यावरच घर. आई खिडकीशी बसून एक जुना स्वेटर उसवत होती.

"आई, संग्रहालयातून फोन आला होता म्हणे."

"हो."

"बाबांच्या फिल्ममधला डोळा काढायला सांगितलास?"

"सांगितलं."

"अगं, पण त्या डोळ्यावरच तर फिल्म उभी आहे! बाबांचं नाव आहे त्याच्यावर!"

"तो ह्यांनी केलेला नाही," आई म्हणाली. "तो दोष आहे फिल्ममधला. दोष काढायलाच बसवलंय ना त्या माणसाला? मग काढू दे की." आणि लोकरीचं टोक दातात धरून तिने पुढे बोलायचं बंद केलं.

आता आईला यंत्रांचं वावडं होतं. खालच्या दुकानात डोळे तपासायचं यंत्र आलं तेव्हा ती म्हणाली होती, "नंबर यंत्र काढणार, काचा यंत्र घासणार, मग तू काय, दुकानात फक्त हसायला बसणार?" फोनशी बोलणाऱ्या माणसांकडे ती कीव करून बघायची. तीच आई आज यंत्राला खुशाल म्हणत होती, नवऱ्याच्या एकुलत्या फिल्ममधली सगळ्यात मोलाची गोष्ट खरवडून टाक. ह्यात काहीतरी पाणी मुरत होतं. चष्मेवालीच्या डोक्यात चौकशीचा किडा वळवळायला लागला, आणि तो एकदा वळवळला की तिला जेवण गोड लागत नसे. दुपारीच तिने दुकानाला कुलूप घातलं आणि संग्रहालय गाठलं.

फोन करणारा तो स्कॅनवाला गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस होता. त्याची खोली इतकी थंड ठेवलेली, की तो भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसला होता. खोलीभर आंबूस वास.

"व्हिनेगरचा वाटतोय ना?" तो म्हणाला. "जुनी फिल्म अशीच आंबते. तुमची थोडक्यात वाचली, ताई. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर डब्यात नुसता लगदा राहिला असता."

डबा टेबलावरच होता. झाकणावर रंगाने साल लिहिलेलं, आणि ते चष्मेवालीच्याच जन्माचं साल होतं. लहानपणी तिला वाटायचं, डब्यावर आपलाच वाढदिवस लिहून ठेवलाय.

स्कॅनवाल्याने पडद्यावर पत्रोबा आणला. पोटावर डोळा, आणि डोळ्याभोवती प्रोग्रॅमने आखलेली लाल चौकट.

"हा प्रोग्रॅम म्हणजे एआय आहे," तो म्हणाला. "हजारो जुन्या फिल्मा बघून शिकलाय. ओरखडे, धूळ, बुरशी, सगळं आपोआप ओळखतो. आणि ह्या डोळ्याला तो म्हणतोय, बाहेरून पडलेला उजेड. चित्राचा भाग नाही."

"त्याला कसं कळलं?"

"ते त्यालाच माहीत. विचारलं तर सांगत नाही. उत्तर तेवढं देतो."

"म्हणजे पत्रोबाच की हा."

"अगदी!" स्कॅनवाला खूष झाला. "म्हणून तर मला भीती वाटते. नव्वद वेळा बरोबर सांगतो, आणि दहा वेळा माणसाच्या गालावरचा तीळसुद्धा धूळ म्हणून पुसून टाकतो."

चष्मेवालीचा अशा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. पण खोटं तर खोटं, ते सिद्ध तरी करायला हवं. तिने खुर्ची पुढे ओढली. "एकेक फोटो दाखवा. सावकाश."

ती बघत राहिली. पत्रोबा एका बाहुलीकडे वळत होता. किटलीच्या पोटावर, जिथे पूर्वी तोटी असणार तिथे, एक बुजवलेलं ठिगळ होतं. पत्रोबा वळला तसं ते ठिगळ हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकलं. डोळा मात्र जागचा हलला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मागे घ्या. आता पुढे. बघा, पोट फिरतंय आणि डोळा फिरत नाहीये. पोटावर दिवा बसवला असता, रंगाने काढला असता, तर पोटाबरोबर फिरला असता. हे प्रतिबिंब आहे. गोल, चकचकीत भांड्यावर समोरचं जे दिसतं ते तसंच दिसत राहतं, भांडं कितीही गोल फिरवा."

"समोरचं म्हणजे?"

"कॅमेऱ्याशेजारचं."

म्हणजे यंत्राचं बरोबर होतं. उजेड बाहेरचाच होता. चष्मेवालीला हे मनातून जरा झोंबलं, पण किड्याला आता चांगलंच खाद्य मिळालं होतं. "मोठं करा," ती म्हणाली. "अजून मोठं."

मोठं केल्यावर फटीत फुलं दिसली. निळ्या कापडावर बारीक पांढरी फुलं. चाळीस-पन्नास फोटो पुढे गेल्यावर कापड पिवळं झालं, मग पुन्हा निळं. दिवस बदलला, कपडे बदलले. आणि फटीच्या दोन्ही बाजूंना काळोख, त्याला खांद्यांचा अंदाज येण्याइतपत आकार. तिला एकदम काळे कोट आठवले. किटलीत आपण दिसू नये म्हणून बाबांनी स्वतःला आणि आईला गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कोट शिवून घेतले होते, भिंतींवर काळं कापड मारलं होतं. बाबांचा कोट घालून तर ती शाळेत नाटकात न्यायाधीश झाली होती.

"कोट समोरून उघडा राहिलाय," ती म्हणाली. "आतला गाऊन दिसतोय. आणि हे बुबुळ बघा. ती गाठ आहे. कोटाच्या दोन कडा काळ्या नाडीने बांधल्यात, त्याची गाठ."

"पण मग फट मोठी का होत जाते?" स्कॅनवाल्याने विचारलं. "बाई रोज कॅमेऱ्याच्या पुढे पुढे सरकत होत्या का?"

"पुढे सरकल्या असत्या तर खांदेही मोठे झाले असते. खांदे तेवढेच आहेत. फक्त मधलं..."

दोन बाळंतपणं झालेली बाई ती, तिला कळायला एवढा वेळ लागला ह्याचंच नवल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती खो खो हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, स्वतःचाच चष्मा काढून पुसावा लागला.

"काय झालं, ताई?"

"अहो, पोट आहे ते! आईला दिवस गेलेले होते! कोटाची बटणं लागेनात, म्हणून नाडी बांधली, आणि पोट वाढलं तशी फट वाढली! सत्तेची पाळत कसली आणि हाव कसली! आणि डब्यावरचं साल बघा. तो डोळा म्हणजे मी आहे!"

स्कॅनवाल्याने कपाळावर हात मारला. "आणि म्हणून शेवटी मिटतो! गावकरी यायच्या आधी तुम्ही जन्मलात!"

"आणि त्या माणसाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं!"

दोघं हसून हसून बेजार झाली. मग चष्मेवालीला आईचा राग आठवला आणि त्याचाही उलगडा झाल्यासारखं वाटलं. आई जुन्या वळणाची. आपलं पोट पन्नास वर्षं गावोगावच्या पडद्यांवर मिरवतंय, ह्याची लाज वाटत असणार. एवढंच ना? ती समजूत घालेल. तिने त्या फोटोची एक प्रत कागदावर काढून घेतली आणि रस्ताभर स्वतःशी हसत घरी आली.

आई तिथेच होती, खिडकीशी. स्वेटर संपून लोकरीचा गुंडा झाला होता. चष्मेवालीने तो कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"सापडलीस," ती म्हणाली. "चोर सापडला! आई, किती गं लाजायचं? केवढी गोड गोष्ट आहे ही! अख्खं जग ज्याला घाबरलं ती मी होते, तुझ्या पोटात!"

आईने कागद उचलला. लांब धरला, जवळ धरला.

"ती तू नाहीस," ती म्हणाली.

"अगं, साल माझंच आहे."

"ते साल फिल्म लोकांना दाखवली तेव्हाचं. आवाज भरायचा राहिला होता, त्यात दोन वर्षं गेली. फोटो काढून झाले तेव्हा तुझा पत्ताही नव्हता." आईने कागद उलटा ठेवला. "तो तुझा भाऊ."

चष्मेवाली खाली बसली. तिला भाऊ नव्हता. पन्नाशी उलटून गेली, आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं की भाऊ होता.

"आठव्या महिन्यात गेला," आई म्हणाली. "आतच. डोक्यावर दाट केस होते म्हणे. मला दाखवला नाही. तेव्हा दाखवत नसत. सगळे म्हणाले, विसर, दुसरं होईल. झालीस तू. मग त्याचं नाव काढायचं कारण उरलं नाही."

"आणि फिल्म?"

"महिनाभराने ह्यांनी उरलेलं काम पुरं केलं. एकट्यानेच. मी त्या खोलीत गेले नाही. माझं पोट किटलीत दिसतंय, हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं. तेव्हा काय काढलंय ते लगेच दिसत नसे, लॅबमधून प्रिंट यायला महिने लागत. प्रिंट आली, आम्ही दोघं लॅबच्या छोट्या हॉलमध्ये बसलो, दिवे गेले, आणि पत्रोबाच्या पोटात तो." आईने गुंड्यातून सुटलेलं टोक पुन्हा गुंडाळलं. "हे म्हणाले, पुन्हा काढू का एवढा भाग? मी नको म्हटलं. मला वाटलं, राहू दे. त्याचं म्हणून जगात तेवढंच आहे."

"मग आता का काढायचंय?"

"पहिल्या खेळाला गेले होते मी," आई म्हणाली. "माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होती. डोळा मोठा व्हायला लागला तशी नवऱ्याला म्हणाली, मला नाही बघवत, किती दुष्ट आहे! पोरं रडायला लागली. आणि शेवटी तो नाहीसा झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्या हॉलने. मी ऐकला." तिचा आवाज फुटला आणि तिने तो आवरला नाही. "पन्नास वर्षं लोक तिकीट काढून माझ्या लेकराला भितायत. त्याच्यावर विश्वास ठेवू नका म्हणून पुस्तकं लिहितात. त्याने कुणाचं काय केलं होतं गं?"

चष्मेवाली उठून आईजवळ गेली आणि तिचे गुडघे धरून जमिनीवर बसून राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा?"

"हे प्रत्येक खेळाला जायचे. कुठे का असेना. लोकांना वाटायचं, केवढा हा फिल्मचा अभिमान. त्याला बघून यायचे. माझ्याशी त्यावर बोलायचे नाहीत. मीही कधी विचारलं नाही."

म्हणजे एकाला तो दिसायला हवा होता आणि एकीला तो कुणी पाहू नये असं वाटत होतं. त्यातला एक आता नव्हता. चष्मेवालीला रात्री धड झोप लागली नाही. डोळा ठेवावा तर आईच्या जिवाला घोर. काढावा तर बाबा जो बघायला गावोगाव फिरले, तो आपण यंत्राकडून पुसून घेतला असं होणार. सकाळी तिने स्कॅनवाल्याला फोन केला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमचा तो प्रोग्रॅम जे काढतो, ते जातं कुठे?"



"जात नाही कुठे, ताई," तो म्हणाला. "मूळ स्कॅन तिजोरीत तसाच राहतो. आणि काढलेला गाळ वेगळ्या फाईलमध्ये साठतो. धूळ, ओरखडे, सगळं. आम्ही तो कधी बघत नाही. गाळ कोण बघतं? पण मला दोन दिवस द्या. त्यातलं बाकी सगळं मी हाताने वेगळं करतो. फक्त त्याला ठेवतो."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी चष्मेवालीने आईला हात धरून खाली आणलं आणि काउंटरवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसवलं. आई बसली खरी, पण अंग चोरून.

"यंत्राने काढलंय ना हे?"

"हो."

"त्याने आपल्या पदरचं काही घातलं नसेल कशावरून? हल्ली नसलेली माणसंसुद्धा दाखवतात म्हणे. मला बरं वाटावं म्हणून कुणाचं तरी पोर आणून दाखवलं असलं तर?"

प्रश्न चोख होता. "तूच बघ," ती म्हणाली. "मी तेव्हा नव्हते. तू होतीस."

पडदा काळा झाला. गाव नाही, चौक नाही, पत्रोबा नाही. मग काळोखात एक बारीक निळी रेघ उमटली. तिला कापडाचा पोत होता. ती थरथरली, पिवळी झाली, पुन्हा निळी. भोवती किटली नव्हती, तेव्हा तो डोळा दिसतच नव्हता. गाऊन घातलेली एक बाई दिसत होती, मधली तेवढी, आणि ती भरत चालली होती. मधेच एखाद्या फोटोत रेघेवर पाच बोटं यायची आणि जायची. बाईने सहज पोटावर हात ठेवला असणार, बटण दाबायच्या वेळी काढायचा राहिला असणार. चष्मेवालीने हे मूळ फिल्ममध्ये पाहिलंच नव्हतं. किटलीच्या चकाकीत ती बोटं कुणाला कधी कळली नव्हती.

आई पुढे झुकली. "एकदा नाडी तुटली होती," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "ह्यांच्या बुटाची लेस काढून बांधली. तपकिरी होती. ह्यांना दिवसभर एक बूट फटक फटक वाजवत चालावं लागलं. हे कुणाला माहीत नाही. मी कुणाला सांगितलेलं नाही."

दोघी बघत राहिल्या. निळं गेलं, पिवळं गेलं, एक हिरव्या चौकड्यांचं आलं. आणि मग त्या गोलाईवरून, अगदी थोडा वेळ, काळ्याच्या जागी एक तपकिरी रेघ गेली.

"खरं आहे," आई म्हणाली. "खरंच तो आहे."

त्यानंतर तिने यंत्राबद्दल काही विचारलं नाही. तो मोठा होत गेला, पडदाभर झाला, एकदा जरासा हलल्यासारखा वाटला, आणि संपला. उरलेला वेळ नुसता काळोख होता. आईने तोही सगळा पाहिला.

"त्यांना सांग, पत्रोबातून काढा त्याला," ती म्हणाली. "आणि हे मला माझ्या खोलीत बघता येईल असं करून दे. ह्यांनी एवढी वर्षं एकट्याने बघितलं. आता मी बघेन."

साफ केलेली फिल्म संग्रहालयाच्या हॉलमध्ये दाखवली, तेव्हा आई पहिल्या खेळानंतर पहिल्यांदाच थेटरात गेली. चष्मेवालीची मात्र पाचावर धारण बसली होती. डोळा नसलेला पत्रोबा कसा दिसेल, लोक काय म्हणतील, बाबांच्या नावाचं काय होईल. पत्रोबा आला. किटलीचं स्वच्छ, रिकामं पोट. तो उत्तरं देत होता, गाव त्याच्याकडे संशयाने बघत होतं, आणि आता तो बरा की वाईट हे कळायला काही मार्गच नव्हता. हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. गावकरी स्क्रू काढायला लागले तेव्हा लोक खुर्च्यांत पुढे सरकून बसले. आई ताठ बसली होती, आणि शेवटपर्यंत बसली.

बाहेर आल्यावर डोळ्यावर पुस्तक लिहिणारे गृहस्थ वाट अडवून उभे होते. चेहरा लाल झालेला. स्कॅनवाला त्यांच्यामागून हाताने खुणा करत होता, की मी बोलतो, मी बोलतो. पण ते गृहस्थ थेट आईपाशी आले.

"काकू, हा काय प्रकार आहे? हा अन्याय आहे! एवढी वर्षं आम्ही ज्याचा अभ्यास केला, तो डोळा गेला कुठे?"

चष्मेवाली पुढे होणार, तोच आईने तिला हाताने मागे सारलं. त्या माणसाकडे तिने नीट पाहिलं. तिला त्याचा राग आलेला दिसत नव्हता. पन्नास वर्षं तिच्या मुलाकडे इतकं बारकाईने बघणारा, नवऱ्याखेरीज, तो एकच माणूस होता.

"घरी आणलं त्याला," ती म्हणाली.